ईओईसाठी एलिमिनेशन डाएट: तेच ते प्रश्न, एकदाच उत्तरं

ईओई म्हणजे इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, सोप्या भाषेत अन्ननलिकेला ॲलर्जीतून येणारी सूज. मी स्वतः सहा पदार्थांचं डाएट पहिल्यापासून शेवटपर्यंत केलंय. तेव्हापासून कोणाला हे निदान झालं की ओळखीतून ओळखीतून फोन येतो आणि प्रश्न तेच असतात, म्हणून लिहूनच ठेवलं. मी डॉक्टर नाही. तुमच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काही बंद करू नका, काही सुरूही करू नका, हे एकदाच सांगतोय, प्रत्येक उत्तराखाली परत लिहिणार नाही.

आधी सांगा, हे नेमकं होतं काय?

इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात, त्या आतड्यात वगैरे असतातच, पण अन्ननलिकेच्या अस्तरात त्यांचं काही काम नसतं. ईओईमध्ये त्या तिथे येऊन बसतात, कारण शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा एखाद्या साध्या पदार्थातल्या प्रोटीनवर चिडलेली असते. बायोप्सीत, म्हणजे एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून तपासणी) करताना अस्तराचे जे बारीक तुकडे घेतात त्यांत, मायक्रोस्कोपच्या एका हाय पॉवर फील्डमध्ये (खूप मोठं करून एका वेळी दिसतो तेवढ्या भागात) १५ किंवा जास्त इओसिनोफिल दिसले, सोबत त्रास असला, आणि दुसरं कारण सापडलं नाही, की निदान होतं. एंडोस्कोपीत अन्ननलिकेवर कड्या कड्या दिसतात, उभ्या चिरा दिसतात, पांढरे ठिपके दिसतात. काहींची मात्र दिसायला एकदम नॉर्मल असते, म्हणून तुकडे घेतलेच पाहिजेत.

आजार तसा नवा आहे, म्हणजे डॉक्टरांनी त्याला वेगळा आजार म्हणून ओळखायला लागून जेमतेम तीस-पस्तीस वर्षं झालीत, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी सगळं ॲसिडिटीच्या खात्यात जायचं. अजूनही बऱ्याच जणांचं जातं.

मला तर फक्त घास अडकतो कधीतरी, त्यात काय एवढं?

हे वाक्य मी स्वतः कितीतरी वर्षं म्हटलंय. प्रत्येक घासाला पाणी, मांस किंवा ब्रेड असेल तर बारीक बारीक तुकडे, जेवायला सगळ्यांपेक्षा दुप्पट वेळ, आणि बाहेर जेवताना मुद्दाम मऊ काहीतरी मागवायचं. मला वाटायचं मी सावकाश खाणारा माणूस आहे. मग एक दिवस मांसाचा तुकडा अडकला तो अडकलाच, थुंकीसुद्धा खाली जाईना, इमर्जन्सीत जाऊन काढावा लागला. आणि गंमत म्हणजे तेव्हा तुकडा काढला पण बायोप्सी घेतलीच नाही, त्यामुळे निदान पुढे कितीतरी महिने लांबलं. तुमच्यावर ही वेळ आली तर शुद्धीवर असाल तोवर विचारून ठेवा, बायोप्सी घेणार ना म्हणून.

एवढं काय ते सांगतो. सूज तशीच राहिली तर अन्ननलिका हळूहळू कडक होते, अरुंद होते. स्वित्झर्लंडमधल्या २०१३ च्या एका अभ्यासात पाहिलं होतं की त्रास सुरू होऊन दोन वर्षांच्या आत निदान झालेल्यांमध्ये अरुंदपणा साधारण १७ टक्क्यांना होता आणि वीस वर्षांहून जास्त उशीर झालेल्यांमध्ये तो ७१ टक्क्यांवर गेला होता. म्हणजे दुखत नाही म्हणून बसून राहण्यासारखं हे नाही. एक बरी बातमी पण आहे, ईओईमुळे कॅन्सर होतो असं दिसलेलं नाही.

लहान मुलांमध्येही असंच दिसतं का?

नाही, लहान मुलं घास अडकला असं सांगत नाहीत. ती उलट्या करतात, पोट दुखतं म्हणतात, घास तोंडात धरून ठेवतात, घट्ट काही खायलाच नको म्हणतात, वजन वाढत नाही. आईवडिलांना वाटतं नखरे करतंय. अडकण्याचा प्रकार किशोरवयात आणि मोठेपणी जास्त.

औषधं आहेत ना, मग डाएटच्या भानगडीत का पडायचं?

पडलंच पाहिजे असं कुठे आहे! औषधं आहेत आणि चांगली आहेत. पीपीआय म्हणजे ॲसिडच्या गोळ्या, त्यांनी साधारण चाळीस ते पन्नास टक्के लोकांची सूज उतरते. (पूर्वी पीपीआयने बरं वाटलं तर ईओई नाहीच असं समजायचे, २०१८ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र बसून ती अट काढून टाकली.) दुसरं, गिळायचं स्टेरॉइड, म्हणजे बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन, जे दम्याला ओढतात तेच इथे गिळायचं, वरून अर्धा तास काही खायचं प्यायचं नाही. त्याने तोंडात किंवा अन्ननलिकेत बुरशी येऊ शकते पण ती औषधाने जाते. तिसरं, डुपिलुमॅबचं इंजेक्शन, अमेरिकेत ईओईसाठी मे २०२२ मध्ये १२ वर्षांवरच्यांना आणि जानेवारी २०२४ मध्ये एक वर्षावरच्या मुलांना मंजूर झालं.

पण ह्या तिन्हींमध्ये औषध चालू तोवर सूज खाली, बंद केलं की बहुतेकांची परत. डाएटमध्ये तुम्ही कारणच शोधून काढता. मला रोज आयुष्यभर औषध घ्यायचा कंटाळा होता म्हणून मी डाएट निवडलं. माझ्याबरोबरच निदान झालेल्या एकाने स्टेरॉइड निवडलं, तो मजेत पिझ्झा खातोय, आणि खरं सांगू, काही दिवस मला त्याचा हेवा वाटायचा.

सहा पदार्थ म्हणजे कुठले?

दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाणे आणि झाडावरचे नट्स (बदाम, काजू, अक्रोड, पिस्ते वगैरे), आणि मासे व शेलफिश म्हणजे कोळंबी, खेकडे इत्यादी. मोजले तर आठ होतात खरं, पण शेंगदाणे-नट्स एक गट आणि मासे-शेलफिश एक गट असं धरतात.

हे सहाच का? कोणी ठरवलं?

ही गोष्ट मला आवडते. १९९५ मध्ये अमेरिकेत १० मुलांवर एक प्रयोग झाला, ही मुलं रिफ्लक्सची (ॲसिड वर येण्याची) औषधं घेऊन घेऊन बरी होत नव्हती. त्यांचं सगळं जेवण बंद करून फक्त अमिनो ॲसिडचा फॉर्म्युला दिला, ज्यात अख्खं प्रोटीनच नसतं, सगळं सुटं केलेलं असतं. ८ मुलांचा त्रास गेला आणि उरलेल्या दोघांचा कमी झाला. म्हणजे सिद्ध झालं की दोष जेवणातल्या प्रोटीनमध्ये आहे. पण तो फॉर्म्युला इतका बेचव असतो की काही मुलांना नाकातून नळी घालून द्यावा लागतो, मोठी माणसं तर टिकतच नाहीत.

मग शिकागोमधल्या डॉक्टरांनी विचार केला की सगळंच कशाला, ज्यांची ॲलर्जी सगळ्यात जास्त आढळते तेवढेच गट काढून बघू. २००६ मध्ये त्यांनी आकडे छापले, सहा पदार्थ काढलेल्या ७४ टक्के मुलांची सूज उतरली आणि फॉर्म्युलावाल्यांची ८८ टक्के. थोडं कमी, पण मूल ताटात जेवत होतं! तिथून हे डाएट सगळीकडे गेलं. २०१२ मध्ये मोठ्यांवरही करून बघितलं, साधारण ६४ टक्क्यांना चांगला गुण आला.

ॲलर्जीची टेस्ट करून फक्त तेवढंच काढलं तर सोपं नाही का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आणि उत्तर निराश करणारं आहे. त्वचेवर टोचून करतात ती टेस्ट किंवा रक्तातली आयजीई (ॲलर्जीची अँटीबॉडी) मोजतात ती, ह्या तातडीच्या ॲलर्जीसाठी असतात, म्हणजे शेंगदाणा खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले ती. ईओईची यंत्रणा वेगळी आहे, ती हळू चालते, टी पेशी आणि इंटरल्युकिन १३ सारखे सिग्नल त्यात असतात, आयजीईवर तिचं घोडं अडत नाही. २०१४ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा टेस्टवरून ठरवलेल्या डाएटला साधारण ४५ टक्के यश, न बघता सहा पदार्थ काढण्याला ७२ टक्के, आणि फॉर्म्युलाला ९१ च्या आसपास. म्हणजे टेस्ट केलेल्यांपेक्षा डोळे झाकून काढणारे पुढे.

माझ्या टेस्टमध्ये कोळंबी आणि सोया आलं होतं. शेवटी निघालं काय, तर दूध, जे टेस्टमध्ये साफ निगेटिव्ह होतं. आणि ते इंटरनेटवर केस किंवा रक्त पाठवून दोनशे पदार्थांची यादी देणारे असतात ना, त्यांच्या नादी अजिबात लागू नका.

टेस्टचा उपयोग मात्र एका ठिकाणी आहे, तो पुढे पदार्थ परत घालण्याच्या प्रश्नात सांगतो.

सहाच्या सहा काढायचे? सुरुवात कमी पदार्थांनी करता येत नाही?

येते, आणि हल्ली बरेच डॉक्टर तसंच सांगतात. स्पेनमधल्या डॉक्टरांनी २-४-६ नावाची पद्धत २०१८ मध्ये छापली. आधी फक्त दूध आणि गहू (ग्लुटेन नावाचं प्रोटीन असलेली धान्यं) काढायचं, त्याने ४३ टक्के लोकांचं काम झालं. ज्यांचं नाही झालं त्यांनी अंडी आणि सोयासकट कडधान्यंही काढायची, एकूण आकडा ६० वर गेला. तरी राहिले त्यांनी सहा, मग ७९. बघा म्हणजे जवळजवळ निम्मी माणसं दोन पदार्थांतच सुटली, त्यांना अंडी मासे सोडायची गरजच पडली नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या १२९ मोठ्या माणसांवरचा अभ्यास आला, अर्ध्यांनी फक्त दूध काढलं, अर्ध्यांनी सहा. सहा आठवड्यांनी दूधवाले ३४ टक्के आणि सहावाले ४० टक्के बरे, म्हणजे मोठा असा फरकच नाही! ज्यांचं दुधाने झालं नाही त्यातले काही पुढे सहा काढून बरे झाले आणि सहानेही न झालेल्यांपैकी बहुतेक स्टेरॉइडवर सुधारले. हे आकडे वर दिलेल्या आकड्यांपेक्षा कमी आहेत हे तुमच्या लक्षात आलं असेल. प्रत्येक अभ्यासात लोक वेगळे आणि बरं म्हणायचं माप पण वेगळं असतं, त्यामुळे एकाचा टक्का दुसऱ्याशेजारी ठेवून भांडू नका.

मला आज कोणी विचारलं तर मी म्हणेन फक्त दूध काढून सुरू करा. मी उलट्या बाजूने गेलो, आधी सहा, कारण मला वाटलं एकदाच काय तो त्रास. तो त्रास एकदाच नसतो.

हे डाएट आयुष्यभर करायचं?

नाही नाही नाही. इथेच सगळे गंडतात. लोकांना वाटतं सहा पदार्थ सोडणं हे औषध आहे, मग बरं वाटलं की तसेच वर्षानुवर्षं भात-बटाट्यावर बसतात. सहा पदार्थ काढणं हे फक्त दिवे घालवणं आहे, कुठल्या बटणाने कुठला दिवा लागतो ते बघायला. खरं काम त्यानंतर सुरू होतं, एक एक पदार्थ परत घालून बघायचं, आणि बहुतेकांचे गुन्हेगार एक ते तीनच निघतात. शेवटी आयुष्यभर टाळायचे असतात ते एवढेच.

मग सगळ्याला मिळून वेळ किती लागतो?

काढल्यावर सहा ते बारा आठवडे, मग एंडोस्कोपी आणि बायोप्सी. सूज गेली असेल तर पहिला पदार्थ परत, रोज, नेहमीच्या प्रमाणात, साधारण सहा ते आठ आठवडे, मग परत एंडोस्कोपी. ठीक असेल तर तो पदार्थ कायमचा परत मिळाला, पुढचा घाला. सूज आली तर तो गुन्हेगार, तो बाहेर, परत शांत व्हायला वेळ द्या, मग पुढचा. सहाही गट असे केले तर वर्ष सहज जातं आणि एंडोस्कोपी सातच्या आसपास होतात, निदानाची वेगळी. मला चौदा महिने लागले, मध्ये एकदा सर्दी-ताप, एकदा लग्न आणि एकदा नुसता वैताग.

कमी पदार्थांनी सुरू करायचा सगळ्यात मोठा फायदा हाच, एंडोस्कोपी वाचतात.

दर वेळी एंडोस्कोपी कशाला? बरं वाटतंय ते मला कळत नाही का?

नाही कळत. मला पण नव्हतं कळलं. गहू परत घातल्यावर दोन आठवडे मला छातीत काहीतरी टोचतंय असं वाटत होतं, मी घरी सगळ्यांना सांगून पण टाकलं की गहूच आहे, आणि बायोप्सी आली एकदम स्वच्छ. उलट दूध घातल्यावर मी मजेत होतो, सहा आठवडे काही नाही, आणि रिपोर्टमध्ये इओसिनोफिल चाळीसच्या वर.

कारण असं की आपण वर्षानुवर्षं सावकाश खायला, पाणी प्यायला शिकलेलो असतो, त्यामुळे सूज असूनही त्रास दबून राहतो. आणि अन्ननलिका आधीच अरुंद झाली असेल तर सूज गेली तरी घास अडकतो. म्हणून लक्षणांवरून पदार्थाला दोषी ठरवू नका आणि निर्दोषही सोडू नका. बायोप्सी पण एकाच जागेची नको, सूज ठिपक्याठिपक्यांनी असते म्हणून वेगवेगळ्या उंचीवरून मिळून किमान सहा तुकडे घेतात.

काही ठिकाणी आता नाकातून घालायची बारीक दुर्बीण, गिळायचा स्पंज किंवा दोरा असे प्रकार वापरतात, भूल लागत नाही. मिळत असेल तर जरूर विचारा.

कुठला पदार्थ आधी परत घालायचा?

ज्याच्यावर संशय कमी तो आधी. मासे आणि नट्स क्वचितच निघतात, मग सोया, अंडी, आणि शेवटी गहू आणि दूध. २०१२ च्या त्या मोठ्या माणसांच्या अभ्यासात परत घालून बघितल्यावर गहू ६० टक्क्यांना आणि दूध ५० टक्क्यांना लागलं होतं. काही जणांना हा क्रम नको असतो, त्यांना जे सगळ्यात जास्त आठवतंय तेच आधी पाहिजे असतं, तर डॉक्टरांशी बोलून तसंही करता येतं, जीव रमला पाहिजे ना.

आता ती टेस्टची गोष्ट. एखाद्या पदार्थाची तातडीची ॲलर्जी कधी होती, किंवा रक्तात त्याची आयजीई आहे, आणि तुम्ही तो पदार्थ कित्येक महिने पूर्ण बंद ठेवला, तर परत खाल्ल्यावर जोरदार रिॲक्शन येऊ शकते, अगदी ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जीसुद्धा. विशेषतः लहान मुलांमध्ये दुधाच्या बाबतीत असं झालेलं आहे. म्हणून अशा पदार्थाचा पहिला घास घरी नाही, ॲलर्जीच्या डॉक्टरांसमोर.

लॅक्टोज-फ्री दूध चालेल? शेळीचं?

दोन्ही नाही. लॅक्टोज ही साखर आहे, आपलं भांडण प्रोटीनशी आहे. शेळीच्या, मेंढीच्या दुधातलं प्रोटीन गायीच्या दुधासारखंच असतं. वनस्पतींची दुधं चालतात पण सहावालं करत असाल तर सोया आणि बदामाचं बाद, मग ओट किंवा तांदळाचं, आणि कॅल्शियम घातलेलं बघून घ्या.

पुढे जाऊन एक आशा मात्र आहे, दूध लागणाऱ्यांपैकी काहींना भरपूर भाजलेलं दूध, म्हणजे केक-बिस्किटात गेलेलं, सोसतं. पण ते शेवटी बघायचं, पहिल्या टप्प्यात नाही.

ग्लुटेन-फ्री लिहिलेलं सगळं खाऊ शकतो ना?

सांभाळून. ग्लुटेन-फ्री ब्रेडमध्ये बऱ्याचदा अंडी आणि दूध असतं. काही ग्लुटेन-फ्री वस्तूंमध्ये गव्हाचाच स्टार्च असतो ज्यातून ग्लुटेन काढलेलं असतं, तो आपल्याला नको. तसंच व्हीगन म्हटलं की दूध-अंडी नाही हे खरं, पण त्या जागी सोया, काजू किंवा गहू येऊन बसतो. लेबल वाचताना केसीन, केसीनेट, व्हे दिसलं म्हणजे दूध. सोया सॉसमध्ये गहू असतो, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. बीअरमध्ये पण धान्य आहे, सॉरी.

रिफाइंड सोया तेल आणि सोया लेसिथिन बहुतेक डॉक्टर चालू देतात कारण त्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच. "अंश असू शकतो" असं लिहिलेल्या पाकिटांबद्दल डॉक्टर-डॉक्टरांत फरक आहे, तातडीची ॲलर्जी असेल तर अर्थातच नको.

आणि हो, गहू बंद करण्याच्या आधी सीलिॲकची (ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा वेगळा आजार) रक्ततपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि मग ती करायला परत कित्येक आठवडे गहू खावा लागतो.

मग खायचं तरी काय?

तांदूळ, बटाटे, रताळी, मका, सगळी फळं, सगळ्या भाज्या, चिकन, मटण, आणि डॉक्टरांनी कडधान्यं बंद केली नसतील तर तीही. यादी वाटते तेवढी छोटी नाही. त्रास पदार्थांचा नसतो, तयार वस्तूंचा असतो, म्हणजे घरी शिजवलं तर सोपं आणि पाकीट फोडलं तर अवघड. पहिले दोन आठवडे मी नुसता उपाशी आणि चिडलेला होतो, मग रविवारी पाच दिवसांचं शिजवून फ्रीजमध्ये टाकायला लागलो आणि निम्मं भांडण मिटलं.

आहारतज्ज्ञ घ्याच, हे ऐच्छिक समजू नका. दूध गेलं की कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जातं, जे मांसही खात नाहीत त्यांचं बी १२ जातं, वजन उतरतं. मुलांची उंची-वजन तर दर महिन्याला बघायला पाहिजे.

चुकून खाल्लं गेलं. सगळं पहिल्यापासून?

शांत व्हा. एखादा घास चुकून गेला तर तारीख लिहून ठेवा, डॉक्टरांना सांगा, फार तर पुढची एंडोस्कोपी थोडी पुढे ढकलतील. वाईट काय, तर खाल्लेलं लपवून एंडोस्कोपीला जाणं. मग रिपोर्ट खराब आला की सगळे समजतात डाएट फेल, आणि तुम्ही नको ते औषध घ्यायला लागता.

परागकणांच्या सीझनमध्ये काही फरक पडतो का?

काहींना पडतो. नाक-डोळ्यांची ॲलर्जी असेल तर त्या महिन्यांत अन्ननलिकाही भडकू शकते, मग बायोप्सी खराब आली तर दोष परागकणांचा की नवीन घातलेल्या पदार्थाचा हे कळत नाही. शक्य असेल तर तो काळ टाळून पदार्थ घाला.

तसंच शेंगदाण्याची वगैरे ॲलर्जी घालवायला थोडं थोडं खायला देऊन सवय करतात, त्या उपचारातून काही जणांना ईओई झालेला आहे. तो चालू असेल तर पोटाच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, दोन डॉक्टर एकमेकांशी बोलतील ह्या भरवशावर राहू नका.

हे डाएट कोणी करूच नये?

ज्यांचं वजन आधीच फार कमी आहे, ज्यांना खाण्याशी संबंधित मानसिक आजार आहे किंवा होता, जे मूल आधीच चार पदार्थांवर जगतंय, आणि ज्यांना पुन्हा पुन्हा एंडोस्कोपी करणं जमणारच नाही. त्यांना औषध बरं. अन्ननलिका फार अरुंद झाली असेल तर आधी फुग्याने ती रुंद करतात, डायलेशन म्हणतात, पण त्याने सूज जात नाही, सोबत डाएट किंवा औषध लागतंच. आणि घरात कोणाची साथ नसेल तर वेळ बघून करा, मूल असेल तर परीक्षेच्या महिन्यात सुरू करू नका, एवढं साधं.

घास अडकला तर घरी काय करू?

खाणं थांबवा, सरळ बसा. थुंकी गिळता येत असेल तर थोडा वेळ शांतपणे वाट बघा, बऱ्याचदा आपोआप सरकतो. वरून ब्रेडचा किंवा भाताचा गोळा ढकलू नका, आणि बोटं घालून जोराने उलटी काढू नका, सुजलेली अन्ननलिका फाटू शकते. थुंकीसुद्धा गिळता येत नसेल, तोंडातून लाळ गळत असेल, छातीत जोरात दुखत असेल, तर ताबडतोब इमर्जन्सी, सकाळ व्हायची वाट बघू नका, हे काही तासांत काढायचं काम आहे. श्वास अडत असेल तर ते वेगळंच, घास श्वासनलिकेत आहे, लगेच मदत बोलवा.

शेवटी तुझं काय निघालं?

दूध. फक्त दूध. चौदा महिने आणि इतक्या एंडोस्कोपीनंतर, म्हणजे पहिल्याच दिवशी नुसतं दूध बंद केलं असतं तरी चाललं असतं, पण ते आता कळतंय. अंडी परत मिळाली त्या सकाळी मी चार खाल्ली. गेल्या तपासणीत इओसिनोफिल दोन होते. चीजची आठवण येते, खोटं बोलणार नाही, आणि बाहेर जेवायला गेलो की वेटरला तीन-तीनदा विचारतो, बरोबरचे लोक कंटाळतात. पण परवा ब्रेडचा तुकडा पाण्याशिवाय खाल्ला आणि बोलता बोलता खाली गेला पण, मला नंतर आठवलं की ग्लास भरायचाच राहिला होता.